‘मोबाईलमुळे मान वाकली, पकड ढिली झाली’: हा निष्कर्ष नेमका कुठे अडतो?

सिनॉप्सिस जमा करायचे दिवस आले की मला एक तरी मेसेज येतोच. ‘ताई, टॉपिक ठरलाय. स्मार्टफोन वापरणाऱ्या तरुणांमध्ये मानेची ठेवण आणि हाताच्या पकडीची ताकद यांचा संबंध. शंभर जणांचं सॅम्पल घेणार, आमच्याच कॉलेजमधून. चालेल ना?’

चालेल की. विषय वाईट नाही. पण या विषयावरचे शोधनिबंध वाचताना मला सारखी एक गोष्ट खटकते, आणि तुम्ही सिनॉप्सिसवर सही घ्यायच्या आधी ती तुमच्यासमोर मांडावीशी वाटते. या अभ्यासांत मान मोजतात, पकड मोजतात, फोनबद्दल विचारतात. ज्या हाताची पकड मोजली, तो हात दिवसभर दुसरं काय करतो हे मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. भोसरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न न विचारणं म्हणजे निम्मा डेटा टाकून देणं आहे.

आधी चांगलं काय ते

असा अभ्यास साधारण कसा होतो ते बघू. मुलाला बाजूने उभं करून फोटो काढतात. मानेच्या सातव्या मणक्याच्या टोकावर आणि कानाच्या भोकापुढच्या छोट्या उंचवट्यावर खूण करतात. या दोन खुणा जोडणारी रेघ आडव्या रेषेशी जो कोन करते, तो क्रेनिओव्हर्टिब्रल अँगल. कोन जितका लहान, तितकं डोकं पुढे आलेलं. साधारण ४८ ते ५० अंशांच्या खाली गेला की ‘फॉरवर्ड हेड पोश्चर’ म्हणायची पद्धत आहे.

पकडीसाठी डायनॅमोमीटर. बसून, कोपर ९० अंशांत, दांडा दुसऱ्या खाचेवर, तीनदा दाबायचं आणि सरासरी काढायची. अमेरिकेतल्या हँड थेरपिस्टांच्या संघटनेने सुचवलेली ही पद्धत जगभर चालते. दोन्ही मोजमापं स्वस्त आहेत, सुई टोचायची नाही, एथिक्स कमिटीलाही फार शंका नसतात. पकडीला महत्त्वही आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्ये भारतासह १७ देशांतल्या १,३९,६९१ लोकांचा अभ्यास आला होता. पकड ५ किलोने कमी असेल तर मृत्यूची जोखीम १६ टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे पकड हा आकडा माणसाच्या खाण्यापिण्याचं, आजारपणाचं, कष्टाचं बरंच काही सांगून जातो.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. ज्या आकड्यात इतक्या गोष्टी मिसळलेल्या असतात, त्यातून एकट्या फोनचा वाटा वेगळा काढणं सोपं नसतं.

‘२७ किलो’चं काय?

या विषयावरच्या प्रस्तावनेत एक आकडा हमखास भेटतो: मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो भार येतो. हा आकडा २०१४ च्या केनेथ हंसराज यांच्या लेखातला. सरळ मानेवर १० ते १२ पौंड, १५ अंशांना २७ पौंड, ३० ला ४०, ४५ ला ४९ आणि ६० ला ६० पौंड. यातले शेवटचे ६० पौंड म्हणजेच ते २७ किलो.

आता तुम्ही मूळ लेख उघडून बघा. त्यात एकाही माणसाची मान मोजलेली नाही. ते संगणकावरचं मॉडेल आहे. मॉडेल असणं हा दोष नाही, पण आपण ते वापरतो कशासाठी? ‘भार वाढतो’ एवढं सांगायला ते ठीक आहे. ‘इजा होते’ हे सांगायला नाही. भार आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याची भरलेली कळशी उचलली की दंडावर भार येतो, म्हणून रोज पाणी भरणाऱ्या बाईचा दंड निकामी होतो असं आपण म्हणत नाही.

पुढची उडी आणखी मोठी आहे. डोकं पुढे आलं, मानेतल्या खालच्या नसा दबल्या, बोटं मिटणाऱ्या स्नायूंना त्याच नसांतून हुकूम जातो, म्हणून पकड कमी झाली. ऐकायला साखळी पक्की वाटते. पण तुमच्या एक्स्क्लुजन क्रायटेरियाकडे बघा. हाताला मुंग्या येतात, बधिरपणा आहे, मानेतून हातात कळ जाते, अशा सगळ्यांना तुम्ही पहिल्याच पानावर वगळलेलं असतं. म्हणजे नस दबल्याची लक्षणं असलेले लोक बाहेर, आणि डिस्कशनमध्ये कारण म्हणून लिहिलं नस दबणं! परीक्षकाने एवढं जरी विचारलं तरी व्हायवात घाम फुटेल.

फोन मोजला का?

मान मोजली, पकड मोजली. फोन? तो बहुतेक वेळा प्रश्नावलीतून येतो. सगळ्यात जास्त चालणारी प्रश्नावली म्हणजे स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची छोटी आवृत्ती. दहा प्रश्न, मुलग्यांसाठी ३१ आणि मुलींसाठी ३३ गुणांची रेघ. ही रेघ २०१३ साली दक्षिण कोरियातल्या ५४० शाळकरी मुलांवरून ठरवलेली आहे, सरासरी वय साडेचौदा. आपण तीच रेघ बावीस वर्षांच्या पोरांना लावतो आणि खाली ‘ॲडिक्टेड’ असा गट करून मोकळे होतो. शिवाय त्या प्रश्नावलीचा विषय सवय आणि ओढ हा आहे. मान किती वेळ वाकलेली होती, अंगठा किती वेळा चालला, हे ती विचारतच नाही.

‘मग तास विचारू’ असं म्हणाल. विचारा, पण जपून. २०१५ साली ‘प्लॉस वन’मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. २३ तरुणांच्या फोनमध्ये ॲप टाकून दोन आठवडे खरा वापर नोंदवला. आपण दिवसातून जितक्या वेळा फोन हातात घेतो असं त्यांना वाटत होतं, त्याच्या सुमारे दुप्पट वेळा ते घेत होते. आता हे खोटं बोलणं नव्हे, आपल्यालाच आपलं माहीत नसतं.

आणि एक साधी गोष्ट. तो मानेचा फोटो काढताना फोन कुठे असतो? खिशात, नाहीतर टेबलावर. मुलगा समोर बघत ताठ उभा. आपण ‘फोन बघतानाची मान’ असं म्हणतो आणि मोजतो फोन नसतानाची.

मोजमाप नसताना निष्कर्ष काढला की काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण ‘डोक्याला फुटणारी शिंगं’. आठवतंय? ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १८ ते ८६ वयाच्या १,२०० लोकांचे एक्स-रे पाहिले, कवटीच्या मागे हाडाची वाढ तरुणांत जास्त दिसली, आणि लेखात हातातल्या उपकरणांचा संबंध सुचवला. लेख २०१८ चा. २०१९ च्या जूनमध्ये तो बातम्यांत गाजला. त्या अभ्यासात कोणी किती फोन वापरतं याचा एकही आकडा नव्हता. त्याच वर्षी नियतकालिकाला दुरुस्ती छापावी लागली.

क्रियापद तपासा

आता एक खरा चांगला अभ्यास घेऊ, म्हणजे मी फक्त कमजोर उदाहरणं शोधतेय असं वाटायला नको. तुर्कस्तानातल्या इनाल आणि सहकाऱ्यांचा, २०१५, ‘मसल अँड नर्व्ह’मधला. १०२ विद्यार्थी, तीन गट: फोन न वापरणारे, कमी वापरणारे, जास्त वापरणारे. पकड मोजली, चिमटीची ताकद मोजली, आणि सोनोग्राफीने मनगटातली मीडियन नस मोजली. मेहनत दिसते. जास्त गुण असलेल्यांत अंगठ्याचं दुखणं जास्त, नसेची जाडी जास्त, चिमटीची ताकद कमी असा संबंध मिळाला.

पण निष्कर्षातलं वाक्य बघा. त्याचा अर्थ असा होतो की अतिवापराने नस जाड होते, अंगठा दुखतो आणि चिमटीची ताकद घटते. हा अभ्यास एका वेळी केलेली पाहणी आहे, म्हणजे क्रॉस-सेक्शनल. आधी काय आणि नंतर काय हे त्यात कळूच शकत नाही. ज्याच्या हातात मुळात ताकद कमी, तो मैदानात कमी जातो आणि फोनवर जास्त बसतो, असंही असू शकतं. अशा अभ्यासात ‘संबंध दिसला’ एवढंच म्हणता येतं. ‘घटते’ हे क्रियापद लिहायला त्याच मुलांना काही महिन्यांनी पुन्हा बोलवायला लागतं.

उलट बाजूही वाचा, कारण ती प्रस्तावनेत बहुतेक येत नाही. ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोतल्या १८ ते २१ वयाच्या १५० विद्यार्थ्यांवर २०१८ साली एक अभ्यास झाला. त्यात फोन हातात असतानाची मान फिजिओथेरपिस्टांनी फोटोंवरून तपासली. ‘टेक्स्ट नेक’ आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही. २०२१ साली ब्राझीलमध्येच ५८२ प्रौढांवर केलेल्या अभ्यासातही नाही सापडला. हे अभ्यास मानदुखीचे आहेत, पकडीचे नाहीत. पण ‘वाकलेली मान म्हणजे बिघाड’ हे तुम्ही गृहीत धरून चालला असाल, तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.

आता भोसरीत या

समजा तुम्ही भोसरीत सॅम्पल घेताय. लांडेवाडी चौकात सकाळी शिफ्ट सुटायच्या आणि लागायच्या वेळेला उभे राहा. वीस-बावीस वर्षांची पोरं दोन दिशांना जाताना दिसतील. काही पाठीवर सॅक टाकून कॉलेजला किंवा अभ्यासिकेत निघालेली. काही एमआयडीसीत, लेथवर, प्रेस शॉपमध्ये, फॅब्रिकेशनला. सगळ्यांच्या हातात फोन. मान सगळ्यांची खाली.

आता पकडीचा विचार करा. आयटीआयला फिटर ट्रेडचा पोरगा सुरुवातीचे कित्येक आठवडे कानस मारतो. पुढे हेल्पर म्हणून लागला की दिवसभर जॉब उचल, चकमध्ये धर, पाना आवळ, बर काढ. त्याची पकड आणि अभ्यासिकेत दहा तास पेन धरणाऱ्या मुलाची पकड सारखी कशी असेल? यात फोनचा काहीही हात नाही.

एक काल्पनिक हिशोब करू. एक्सेलमध्ये तुम्हीही करून बघा. १०० मुलं: ५० शॉपमधली, ५० कॉलेजची. शॉपमधल्यांचा मानेचा कोन सरासरी ५२ अंश, पकड ४६ किलो. कॉलेजच्यांचा कोन ४८, पकड ३८. दोन्ही गटांत कोनाचं प्रमाण विचलन ४ अंश आणि पकडीचं ६ किलो धरा. आणि मुख्य अट अशी की प्रत्येक गटाच्या आत मान आणि पकड यांचा संबंध शून्य. म्हणजे एकाही मुलाच्या मानेचा त्याच्या पकडीशी काही संबंध नाही.

आता दोन्ही गट एकत्र करून सहसंबंध काढा. ‘आर’ येईल साधारण ०.२५. शंभर जणांत पी-व्हॅल्यू ०.०१ च्या आसपास. झालं! ‘मान जितकी पुढे, पकड तितकी कमी, संबंध लक्षणीय.’ पेपर तयार. आणि आपल्याला माहीत आहे की आत काहीच नव्हतं.

अजून गंमत पुढे आहे. फक्त मानेचे आकडे उलट करा. समजा शॉपमधली पोरं इन्स्पेक्शनच्या बेंचवर बसतात, व्हर्नियर घेऊन आठ तास मान खाली. त्यांचा कोन ४८, कॉलेजच्यांचा ५२. बाकी सगळं तेच. आता ‘आर’ येईल उणे ०.२५. म्हणजे निष्कर्ष काय, तर मान जितकी वाकलेली तितका हात बळकट! हा निष्कर्ष कोणी छापणार नाही, लगेच कुणीतरी म्हणेल की ‘अरे, ती कामगार मुलं आहेत म्हणून.’ बरोबर. मग पहिल्या वेळी तेच का नाही म्हटलं? आकडा आपल्याला हव्या त्या दिशेला आला की आपण कारण शोधायचं थांबतो, यापलीकडे दुसरं उत्तर मला सापडलेलं नाही.

कामाच्या जागी मुलगा-मुलगी हा भेद ठेवलात तरी हेच होईल. पुरुषांची पकड सरासरीने बरीच जास्त असते. फिजिओच्या वर्गात मुली जास्त, बाहेरून आणलेली मित्रमंडळी मुलगे, सगळे एका तक्त्यात टाकले की संबंध आपोआप ‘उगवतो’. आणि शंभरच्या सॅम्पलमध्ये ०.२० एवढा ‘आर’ही पी-व्हॅल्यूची परीक्षा पास होतो हे विसरू नका. त्याचा वर्ग ०.०४. पकडीतल्या फरकाचा फक्त चार टक्के भाग समजला, शहाण्णव टक्के बाहेरच राहिला.

कोणाला वगळलं तेही बघा

‘हाताला पूर्वी दुखापत झालेली असल्यास वगळले.’ हे वाक्य आपण कॉपी-पेस्ट करतो. हॉस्टेलमध्ये त्याने दोन-तीन जण कमी होतील. प्रेस शॉपच्या दारात हेच वाक्य वापरलंत तर ज्यांच्यासाठी पकड म्हणजे उद्याची रोजी आहे, नेमके तेच बाहेर जातील. मग शीर्षकात ‘भोसरीतले तरुण’ कशाला लिहायचं? ‘अमुक कॉलेजचे विद्यार्थी’ लिहा. त्यात कमीपणा नाही.

आणि हे नुसतं शीर्षकापुरतं नाही. मान कशाने वाकली याचं उत्तर ‘फोन’ आलं की उपाय फुकट असतो: पोराला सांगा, फोन कमी बघ. उत्तर ‘बेंच’ आलं तर बेंचची उंची बदलायला लागते, मधे सुट्टी द्यायला लागते, त्याला पैसे पडतात. तुमचा अभ्यास कामाबद्दल विचारतच नसेल, तर तो न सांगता पहिल्या उत्तराच्या बाजूने उभा राहतो. तुमचा तसा इरादा नसतो, पण भिंतीवर लागणारी सूचना तुमच्या निष्कर्षावरूनच छापली जाते.

मग करायचं काय?

विषय सोडू नका. एवढं करा.

पहिलं, प्रश्न बदला. ‘फोनचा परिणाम’ नको. ‘काम, फोनचा वापर, मानेची ठेवण आणि पकड यांचा संबंध’ असं लिहा. लांबलं तरी चालेल, खरं आहे.

दुसरं, सॅम्पलचे गट आधीच पाडा: हाताने काम करणारे आणि न करणारे, त्यात मुलगे आणि मुली. प्रत्येक गटात पुरेशी संख्या ठेवा. विश्लेषण आधी गटाच्या आत, मग एकत्र. गाईडना मल्टिपल रिग्रेशनबद्दल विचारा. येत नसेल तर स्टॅटिस्टिक्सच्या विभागात एक चहा पाजून शिकून घ्या.

तिसरं, फोनचा वापर फोनलाच विचारा. २०१८ पासून अँड्रॉइडमध्ये डिजिटल वेलबीइंग आणि आयफोनमध्ये स्क्रीन टाइम आहे. मागच्या सात दिवसांचा आकडा मुलाच्या परवानगीने नोंदवा. मानेचे दोन फोटो घ्या, एक समोर बघताना, एक त्याच्या नेहमीच्या पद्धतीने फोन बघताना.

चौथं, कामाचा एक छोटा तक्ता करा. रोज किती तास काम, उभं की बसून, कोणतं अवजार, किती वजन, किती महिन्यांपासून. उंची, वजन, वापरता हात हे तर हवंच. आणि मोजमाप शिफ्टच्या आधी घेतलं की नंतर, हे जरूर लिहा. आठ तास पाना आवळून आलेल्या हाताची संध्याकाळची पकड हा वेगळाच आकडा असतो.

पाचवं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कामगार मुलांना सुपरवायझरसमोर मोजू नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठांच्या दबावाखाली असलेल्या सहभागींबद्दल वेगळी काळजी घ्यायला सांगितलंय, ते प्रकरण वाचा. साहेब शेजारी उभा असताना दिलेली संमती ही संमती नव्हे. शिवाय तुमच्या वहीत एका ठेक्यावरच्या पोराच्या नावापुढे ‘पकड २४ किलो’ लिहिलंय आणि ती वही ठेकेदाराने पाहिली, तर त्याचं काय होईल याचा विचार करा. नाव वेगळ्या कागदावर, कोड वेगळा, मोजमाप गेटच्या बाहेर, सुट्टीच्या दिवशी.

शेवटचं. हे सगळं करून संबंध सापडला नाही तर? तसंच लिहा. ‘काम लक्षात घेतल्यावर मानेचा आणि पकडीचा संबंध दिसला नाही’ हे वाक्य मला वाचायला आवडेल, आणि पुढच्या वर्षी हाच टॉपिक घेणाऱ्या ज्युनिअरला ते फार उपयोगी पडेल.

तोपर्यंत घरचा अभ्यास: तुमच्या रेफरन्स लिस्टमधला कोणताही एक पेपर काढा आणि सहभागी दिवसभर काय काम करतात हे त्यात कुठे लिहिलंय ते शोधा. सापडलं तर कमेंटमध्ये सांगा. नाही सापडलं तरी सांगा.